कशावरून? : एका टी. रेक्सचे चरित्र

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर बजावले होते, "तू तीस वर्षे कॉलेजात भूशास्त्र शिकवलेस, ते ठीक. पण जेवणानंतरचे सत्र आहे, दगडांवर बोलू नकोस." म्हणून मी आज एका प्राण्यावर बोलणार आहे. तो आता पूर्णपणे दगड झालेला आहे, ही गोष्ट मी संयोजकांना सांगितली नाही.

हा प्राणी म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स, नातवंडांच्या भाषेत टी. रेक्स. आपल्यापैकी बहुतेकांची आणि त्याची ओळख 'जुरासिक पार्क'मध्ये झाली. नावाचीच गंमत बघा. जुरासिक काळ संपला १४ कोटी वर्षांपूर्वी. टी. रेक्स वावरला ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटी. जुरासिकमधल्या, पाठीवर पत्रे असलेल्या स्टेगोसॉरसपेक्षा तो काळाने आपल्याला जवळचा आहे.

आपल्या शास्त्राच्या बाई आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मला थोडी भीती वाटते आहे. वर्गात कोणीही उत्तर दिले, अगदी बरोबर दिले, तरी बाईंचा एक प्रश्न ठरलेला असे: "कशावरून?" "पुस्तकात दिलंय" हे उत्तर त्यांना चालत नसे. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा हाच प्रश्न माझ्या हाती आला. आज या प्राण्याबद्दल जे सांगेन, त्यालाही तो लावूनच सांगते.

आधी ओळखपाळख. अमेरिकेत मोंटाना राज्यात हेल क्रीक नावाचा उजाड, धुपलेल्या टेकड्यांचा प्रदेश आहे. १९०२ साली बार्नम ब्राऊन या जीवाश्म शोधणाऱ्या माणसाला तिथे एका प्रचंड मांसाहारी प्राण्याची हाडे सापडली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांनी १९०५ साली त्याचे बारसे केले. नावाचा अर्थ 'जुलमी सरड्यांचा राजा'. हा भाग आज कोरडा असला, तरी तेव्हा तिथे दमट हवा, नद्या, दलदल, नेचे आणि फुलझाडांची जंगले होती. कशावरून? त्याच थरांत पानांचे ठसे, कासवे आणि मगरींची हाडे मिळतात. त्याच थरांत त्याचे भक्ष्यही मिळते: तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि बदकासारख्या चोचीचा एडमोंटोसॉरस.

न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने १९१५ साली त्याचा सांगाडा उभा केला, तो कांगारूसारखा ताठ, शेपूट जमिनीला टेकवून. आपल्या लहानपणीच्या चित्रांतला डायनोसॉर असाच होता. पुढे लक्षात आले की तसे उभे राहायचे तर शेपटीचे सांधे निखळायला हवेत. शिवाय डायनोसॉरांच्या पाऊलवाटा जगात खूप सापडल्या, पण त्यांत शेपूट ओढल्याची रेघ जवळजवळ कुठेच नाही. मग १९९०च्या दशकात तो सांगाडा उतरवून पुन्हा जुळवला गेला: पाठ आडवी, एकीकडे डोके, दुसरीकडे तोल सांभाळणारी लांब शेपूट. जणू कमरेवर टांगलेला तराजू.

आता एका टी. रेक्सची व्यक्तिगत ओळख करून देते. तिचे नाव सू. मुलीकडे शिकागोला गेले की मी फील्ड म्युझियममध्ये तिला भेटून येते. १९९० साली साऊथ डकोटा राज्यात सू हेंड्रिक्सन या बाईंना ती सापडली, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ती नर होती की मादी हे सांगता येत नाही, पण नावामुळे आपण 'ती' म्हणू. लांबी १२ मीटरहून थोडी जास्त, म्हणजे आपले दोन वर्ग एकापुढे एक ठेवावेत तेवढी. वजन ८ ते ९ टनांच्या घरात, म्हणजे मोठे दोन हत्ती. खरी कवटी इतकी जड आहे की ती सांगाड्यावर न बसवता काचेच्या पेटीत वेगळी ठेवली आहे. दात ६०च्या आसपास, आणि मोठ्यात मोठा दात मुळासकट सुमारे ३० सेंटीमीटर. आपल्या कंपासपेटीत न मावणारी, दप्तरातून बाहेर डोकावणारी ती फूटपट्टी आठवा. दात तेवढा, पण त्याचा बराच भाग जबड्यात रुतलेला. तुटला तर जागी दुसरा येई, आणि हे आयुष्यभर चाले.

सू मेली तेव्हा सुमारे २८ वर्षांची होती. कशावरून? झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय दिसते, तसे या प्राण्यांच्या हाडांतही दिसते. हाडाचा पातळ काप काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मोजायचे. ग्रेगरी एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशी वलये मोजून टी. रेक्सच्या वाढीचा आलेख काढला. त्यात असे दिसले की लहानपणी वाढ बेताची, पण साधारण १४ ते १८ वर्षांच्या दरम्यान तो दिवसाला सुमारे २ किलो वजन वाढवत असे. दिवसाला दोन किलो! आपल्या दहावीच्या वर्गातली काही मुले मधल्या सुट्टीत ज्या वेगाने डबे संपवत, त्यांचे मला इथे स्मरण होते. विसाव्या वर्षाच्या आसपास ही वाढ मंदावे. कॅनडात सापडलेला स्कॉटी नावाचा सांगाडा तिशी ओलांडलेला समजला जातो, आणि टी. रेक्सच्या मानाने तो म्हातारा.

टी. रेक्सचे अंडे अजून कोणाला मिळालेले नाही. त्याच्या आधीच्या काळातल्या जवळच्या नातेवाइकांच्या, अंड्यातून बाहेर न पडलेल्या पिल्लांची जबड्याची आणि नखाची अगदी छोटी हाडे मात्र मिळाली आहेत. त्यांवरून पिल्लू जन्मताना शेपटीसह साधारण १ मीटर लांब असावे असा अंदाज निघतो. मीटरभराच्या पिल्लापासून १२ मीटरच्या धुडापर्यंत हा प्रवास होता. इतके आकार बदलताना खाणेही बदलत गेले असणार. पिल्लू ट्रायसेराटॉप्सच्या वाटेला जाणे शक्य नव्हते.

टी. रेक्सची एक मादी मात्र नक्की ओळखता आली असे मानले जाते. मोंटानातल्या एका सांगाड्याची मांडी हेलिकॉप्टरमधून न्यायला फार मोठी होती, म्हणून ती नाइलाजाने मोडावी लागली. मोडलेल्या हाडाच्या आत मेरी श्वाईट्झर या संशोधिकेला एक वेगळाच थर दिसला. कोंबडी अंडी घालायच्या दिवसांत पायाच्या हाडाच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा करते, अंड्याच्या कवचासाठी. हा थर तसाच होता. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. काहींनी शंका घेतली की असा थर आजारानेही येतो. मग त्याची रासायनिक तपासणी झाली, आणि २०१६ साली तिने मादीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी मेलेली ही मादी त्या वेळी अंड्यांवर आलेली होती. बाई, हे उत्तर तुम्हाला चालले असते असे मला वाटते.

आता मुख्य प्रश्न: हा प्राणी शिकार करत होता, की मेलेल्यावर ताव मारत होता? १९९०च्या दशकात जॅक हॉर्नर या नामवंत तज्ज्ञाने ठासून मांडले की टी. रेक्स हा गिधाडाच्या जातीचा: हात तोकडे, धावण्यात मंद, नाक तीक्ष्ण. मोठी चर्चा झाली. ती मिटवायला पुरावा कसला हवा? हाडावर दाताची खूण असून उपयोग नाही, कारण मेलेल्या प्राण्यालाही चावता येते. हवी ती भरून आलेली जखम. जखम भरते ती जिवंत प्राण्याची.

असा पुरावा मिळाला. डेन्व्हरच्या संग्रहालयातल्या एका एडमोंटोसॉरसच्या शेपटीच्या मणक्यांचा लचका तोडलेला आहे आणि तिथले हाड नंतर भरून आलेले आहे. २०१३ साली तर आणखी नेमके उदाहरण प्रसिद्ध झाले. बदकचोचीच्या एका डायनोसॉरच्या शेपटीत टी. रेक्सच्या दाताचा तुकडाच अडकलेला, आणि त्याच्याभोवती नवे हाड वाढलेले. म्हणजे टी. रेक्सने मागून हल्ला केला, दात तुटून आत राहिला, भक्ष्य निसटले आणि पुढे बराच काळ जगले. टी. रेक्स शिकार करत होता हे आपल्याला कळते, ते त्याच्या हातून सुटलेल्या शिकारीमुळे! अर्थात आयते मिळाले तर तेही तो सोडत नसणार. वाघ-सिंह तरी कुठे सोडतात?

चाव्याची ताकद किती? २०१७ सालच्या एका अभ्यासात ती जास्तीत जास्त सुमारे साडेतीन टन निघाली, म्हणजे तीन मोटारींचे वजन दातांच्या टोकांवर. कॅनडात १९९८ साली एका मोठ्या मांसाहारी डायनोसॉरच्या विष्ठेचा जीवाश्म प्रसिद्ध झाला, ४४ सेंटीमीटर लांब. थर आणि आकार पाहता तो टी. रेक्सचाच असणार असे मानतात. त्यात हाडांचा चुरा गच्च भरलेला आहे. जेवणानंतरचे सत्र आहे, म्हणून इथेच थांबते.

धावण्याची गोष्टही बघा. सिनेमात तो जीपच्या मागे धावतो. जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी २००२ साली हिशेब केला की इतक्या वजनाच्या प्राण्याला तसे सुसाट धावायचे, तर शरीराचा बहुतेक भाग पायांच्या स्नायूंनीच भरावा लागेल. २०१७ साली दुसऱ्या गटाने दाखवले की पळाला असता, तर पायाची हाडेच ताण सोसू शकली नसती. म्हणजे तो झपझप चालत असे. २०२१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याच्या शेपटीच्या लयीवरून आरामात चालण्याचा वेग काढला: ताशी साधारण साडेचार किलोमीटर. आपण सकाळी मैदानाला फेऱ्या मारतो तोच वेग. त्याचे भक्ष्यही त्याच्यापेक्षा फार चपळ नव्हते, त्यामुळे त्याचे भागत होते.

हलला नाहीत तर टी. रेक्सला तुम्ही दिसत नाही, हेही सिनेमातच. त्याचे डोळे समोर रोखलेले होते. दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा सुमारे ५५ अंशांचा होता, म्हणजे अंतराचा अंदाज उत्तम. मेंदूच्या पोकळीत वास घेणाऱ्या भागाची जागा मोठी आहे. तेव्हा पुतळ्यासारखे उभे राहून काही उपयोग झाला नसता. हात मीटरभराचे आणि दोन बोटांचे, पण हाडावरच्या खुणा सांगतात की स्नायू दणकट होते. कातडीचे जे ठसे मिळाले आहेत त्यांत बारीक खवले दिसतात.

पण सूसमोर उभे राहिल्यावर मला तिची ताकद तेवढी जाणवत नाही, जेवढी तिची दुखणी जाणवतात. तिच्या बरगड्या मोडून जुळलेल्या आहेत. उजव्या हाताचा स्नायूबंध फाटल्याची खूण आहे. डाव्या पायाचे एक हाड संसर्गाने सुजून दुप्पट जाड झाले आहे. खालच्या जबड्यात गोल भोके आहेत. आज कबुतरांना आणि ससाण्यांना घशाचा एक परजीवी रोग होतो, तसाच तो असावा असे २००९ साली एका गटाने सुचवले. हाताच्या हाडांत संधिवातासारख्या गाऊट या आजाराच्या खुणा सापडल्याचेही प्रसिद्ध झाले आहे. टी. रेक्सच्या हाडांवर टी. रेक्सच्याच दातांच्या खुणाही मिळतात, म्हणजे आपापसातही प्रेमाचे संबंध नव्हते. ज्याला आपण जुलमी राजा म्हणतो तो असा होता: मार खाल्लेला, मोडलेला, पुन्हा जुळलेला आणि तरीही काही वर्षे जगून दाखवणारा. आपल्या वयाच्या मंडळींना, गुडघे धरून जिना चढणाऱ्यांना, हा राजा भीतीपेक्षा आपुलकीचा वाटायला हरकत नाही.

आता मला खरे जे सांगायचे आहे त्याकडे येते. हे सगळे 'कशावरून' कळले? हाडांवरून. आणि ती हाडे पुन्हा पुन्हा तपासता आली म्हणून. २०२१ साली एका गटाने अंदाज बांधला की एका वेळी साधारण २० हजार प्रौढ टी. रेक्स जिवंत असत आणि त्यांच्या सगळ्या पिढ्या मिळून अडीच अब्ज होऊन गेले. या आकड्यांत मोठी घटबढ होऊ शकते हे त्यांनीच सांगितले. पण त्या हिशेबाने दर ८ कोटी प्राण्यांमागे एकाचे अवशेष आपल्या हाती लागले आहेत. इतकी दुर्मीळ ही वस्तू. आणि ती आज लिलावात विकली जाते.

सू १९९७ साली ८३ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. सुदैवाने ती संग्रहालयाने घेतली, म्हणून मी-तुम्ही तिकीट काढून पाहू शकतो. स्टॅन नावाचा सांगाडा २०२० साली ३ कोटी १८ लाख डॉलरला गेला. घेणाऱ्याचे नाव तेव्हा बाहेर आले नाही. पुढे तो अबुधाबीच्या नव्या संग्रहालयासाठी असल्याचे कळले. सगळेच इतके नशीबवान नसतात. थॉमस कार या संशोधकाने २०२५ साली मोजदाद प्रसिद्ध केली: शास्त्रीय अभ्यासाच्या उपयोगाचे टी. रेक्सचे नमुने सार्वजनिक संस्थांकडे ६१, आणि खासगी मालकीत ७१. दिवाणखान्यात ठेवलेल्या हाडाला 'कशावरून' विचारता येत नाही.

याने काय बिघडते, त्याचे उदाहरण देते. हेल क्रीकमध्ये काही लहान, सडपातळ सांगाडे मिळाले होते. ती टी. रेक्सची वयात येणारी पोरे, की वेगळीच जात? हा वाद अनेक वर्षे चालला. २००६ साली मोंटानातल्या एका खासगी जमिनीत असाच एक लहान सांगाडा, एका ट्रायसेराटॉप्सच्या शेजारी, जवळजवळ पूर्ण स्थितीत सापडला. उत्तर त्यात होते. पण २०१३ साली तो लिलावात उभा राहिला, किंमत आली नाही म्हणून परत गेला, मग मालकीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. जीवाश्म हे खनिज मानायचे की नाही, हा मुद्दा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० साली तो अखेर नॉर्थ कॅरोलायनाच्या संग्रहालयाकडे आला. लिंडसे झॅनो आणि जेम्स नॅपोली यांनी त्याच्या हाडातली वलये पाहिली आणि २०२५ साली जाहीर केले की हे पोर नव्हे, वाढ पूर्ण झालेला प्राणी आहे. म्हणजे तो टी. रेक्स नाही, नॅनोटायरॅनस ही निराळी जात आहे. आता टी. रेक्सच्या लहानपणाबद्दलचे, या सडपातळ सांगाड्यांवर आधारलेले बरेचसे लेखन पुन्हा तपासावे लागणार आहे. चौदा वर्षे ते उत्तर अभ्यासकांच्या हाती लागत नव्हते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या हाडांचे आम्ही काय करायचे? भारतात टी. रेक्स कधीच नव्हता, हे खरे. तेव्हा भारत समुद्रातले बेट होता आणि इथला मोठा शिकारी वेगळ्या घराण्यातला होता. गुजरातेत रहिओलीला मिळालेल्या हाडांवरून २००३ साली त्याचे नाव राजासॉरस ठेवले गेले. पण काळाचा धागा आपल्याशी जोडलेला आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात उल्का आदळली आणि टी. रेक्सचा वंश संपला. त्याच सुमारास इथे दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता. आपल्या शाळेच्या भिंतींचा काळा दगड त्याच लाव्हाचा आहे. आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या शेतांत डायनोसॉरांची हाडे आणि विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले, आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते हे २००५ साली जगाला त्यावरून कळले. शेतात पायाला लागणाऱ्या, कुणीही बांधावर भिरकावून द्यावा अशा दगडावरून!

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जणांची शेती आहे, काही जण बांधकामात आहेत, काहींची मुले रस्त्यांच्या कामांवर आहेत. खोदताना हाडासारखा दिसणारा दगड निघाला तर तो फोडू नका, घरी शोभेला नेऊ नका, विकत तर मुळीच देऊ नका. जागेवर फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. जागेवरून हललेला जीवाश्म म्हणजे पान फाटलेले पुस्तक. कोणत्या थरात होता हे गेले की अर्धे उत्तर गेले.

आणि नातवंडे जेव्हा विचारतील, "आजी, टी. रेक्स खरंच होता? कशावरून?", तेव्हा "गप्प बस" म्हणू नका. बाईंनी आपल्याला कधी गप्प बसवले नाही. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर बसून शोधा.

माझी वीस मिनिटे संपली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत.  प्रश्न असतील तर विचारा. पहिला प्रश्न बाईंचा.